ळ चा खण

आमच्या आप्पांच्या छापखान्यात सगळ्यात आधी रिकामा व्हायचा तो ळ चा खण. लगीनसराईत तर हमखास. घरातली कुठलीही जुनी लग्नपत्रिका काढून बघा: स्थळ, वेळ, सकाळी, मंडळी, कळावे. त्यात आमचं गाव बेळगाव. पाहुणे यायचे ते येळ्ळूर, अनगोळ, कंग्राळी, बेळगुंदी नाहीतर बाळेकुंद्रीहून. खिळे, म्हणजे जुळणीची शिशाची अक्षरं, बाहेरून वजनावर यायचे. कुठलं अक्षर किती द्यायचं याचा अंदाज पाठवणाऱ्यानं आपल्याकडच्या मजकुरावरून बांधलेला, त्यात येळ्ळूरचा हिशेब कुठून असणार? एका वेळी दोन पत्रिका जुळवायला घेतल्या, की दुसरीच्या ‘मुद्रणस्थळ’पाशी आप्पांचा हात थांबायचा. मग मला पलीकडच्या गल्लीत पिटाळायचे. “जा, आण्णांना सांग, वीस ळ द्या. सोमवारी परत करतो म्हणावं.”

ते आण्णा म्हणजे आप्पांचे धंद्यातले थेट प्रतिस्पर्धी. गिऱ्हाईक पळवण्यावरून दोघांची वर्षातून एकदा तरी जुंपायचीच. ळ मात्र कागदाच्या पुडीत मोजून मिळायचे. त्यांचे ‘श्री’ संपले की त्यांचा पोरगा आमच्या दारात. या देवघेवीची नोंद कुठल्याच वहीत नव्हती. एकाकडे खिळे पडून आहेत तर काम नाही, दुसऱ्याकडे काम आहे तर खिळे नाहीत, ही पाळी आलटून पालटून दोघांवर यायची. त्यापलीकडे त्यांनी काही विचार केला असेल असं मला वाटत नाही.

त्याच घराच्या माडीवर बसून मी आता सॉफ्टवेअर लिहितो. घर शहापुरात. कपिलेश्वर पूल ओलांडला की आलंच, बाहेरचा माणूस त्याला बेळगावच म्हणतो. खरं (आमच्याकडे ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे घाटावरच्या वाचकांसाठी) १९४८ पर्यंत शहापूर सांगली संस्थानात होतं आणि पलीकडचं बेळगाव इंग्रजी मुलखात. सीमा आमच्या पाचवीलाच पुजलेली. पूर्वी ती गावाच्या पोटातून जायची, आता कोगनोळीच्या नाक्यापाशी आहे, एवढाच फरक.

पोटापाण्यासाठी बंगळुरूच्या एका कंपनीचं काम घरून करतो. ते संध्याकाळी सहाला संपतं. त्यानंतर जेवणापर्यंत, आणि पुष्कळदा जेवणानंतरही, मी एक छोटी लायब्ररी सांभाळतो. गेली अकरा वर्षं. या शब्दावरून घरात भरपूर गोंधळ झालाय. आईनं नातेवाइकांत सांगून टाकलं होतं, की मुलगा नोकरी सांभाळून लायब्ररी चालवतो. चिकोडीच्या मामांनी एका लग्नात मला बाजूला घेऊन विचारलं, “वर्गणी किती ठेवलीस? आणि दिवाळी अंक येतात न्हवं?” मी त्यांना सांगितलं की ही लायब्ररी म्हणजे प्रोग्रामचा एक तयार तुकडा असतो, दुसरे प्रोग्राम लिहिणारे तो उचलून आपल्या कामात जोडतात. माझा तुकडा दोन कामं करतो. भारतीय भाषांतली नावं त्या-त्या भाषेच्या वर्णमालेच्या क्रमानं लावतो, आणि जुन्या डीटीपी फॉन्टांतला मजकूर युनिकोड या आता सगळीकडे चालणाऱ्या मानकात आणतो. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे वर्गणी नाहीच.”

नाहीच. इथे मराठीचे उपकार मानले पाहिजेत. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द फुकटालाही चालतो आणि मोकळ्यालाही, त्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांची कितीतरी भाषणं आपल्याला यातलं कुठलं म्हणायचंय हे समजावण्यात गेली. आपल्याकडे फुकट वेगळं, मुक्त वेगळं. एखाद्यानं मुक्त सॉफ्टवेअर विकलं तरी चालतं. घेणाऱ्याला ते हव्या त्या कामाला वापरता, उघडून बघता, बदलता, वाटता आणि बदललेलंही वाटता आलं पाहिजे, म्हणजे झालं. या स्वातंत्र्यांचे नंबर शून्यापासून तीनपर्यंत लावलेत, कारण प्रोग्रामर शून्यापासून मोजतो. शब्द दोन असूनही गल्लीत माझी ओळख ‘फुकट काम करणारा’ अशीच आहे, ते सोडा.

या चळवळीची सुरुवात एका छपाईच्या यंत्रापाशी झाली, हे मला बंगळुरूला नोकरीत असताना कळलं. १९८० च्या सुमाराला एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेसर प्रिंटर आला. यंत्र वेगवान, खरं त्यात कागद अडकायचा. प्रिंटर वेगळ्या मजल्यावर, आणि माणूस आपल्या टेबलाशी छपाईची वाट बघत बसलेला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये स्टॉलमननी सोय करून ठेवली होती, की कागद अडकला की वाट बघणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप जावा. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्रामच कंपनीनं दिला नव्हता, त्यामुळे तशी सोय करणं अशक्य. कार्नेगी मेलन विद्यापीठात एकाकडे तो आहे असं कळल्यावर ते तिथे जाऊन मागून बघतात, तर तो म्हणतो, देणार नाही असा करार केलाय. पुढे २७ सप्टेंबर १९८३ ला त्यांनी ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली.

मी ही गोष्ट आप्पांना सांगितली तेव्हा छापखाना बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. करार, विद्यापीठ, चळवळ यातल्या कशानंच ते चकित झाले नाहीत. त्यांना एकच गोष्ट पटेना. “अडकलेला कागद काढायला यंत्र उघडायचं नाही? मग घेतलं कशाला?” आमची ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, त्यांनी इतक्या वेळा खोलून जोडली होती, की तिच्यातला मूळ कंपनीचा भाग कुठला आणि उद्यमबागेत ओतून आणलेला कुठला, हे त्यांना एकट्यालाच सांगता यायचं.

माझा स्वतःचा यात शिरकाव २००५-०६ मध्ये झाला, पोस्टानं. उबुंटू ही कॉम्प्युटर चालवणारी मुक्त प्रणाली, लिनक्सचाच एक अवतार. उबुंटूवाले तेव्हा पत्ता कळवला की जगात कुठेही तिची सीडी मोफत पाठवायचे. परदेशी पाकीट बघून पोस्टमननं बक्षीस मागितलं, आप्पांनी “हे पाठवणाऱ्याचं पोट कशावर चालतं?” असं विचारलं, आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर देवनागरी अक्षरं अशी तुटकी उमटली की मी चार महिने त्यातच अडकलो. येळ्ळूरमधल्या ‘ळ्ळ’चा पाय मोडून खाली लोंबत होता. तो सरळ करायला म्हणून मी सी भाषेतला पहिला प्रोग्राम उघडला. बाकीचं शिक्षण त्याच्या आजूबाजूनं झालं.

लायब्ररीचा जन्म मात्र एका भांडणातून झालाय. इथल्या एका पतसंस्थेची वार्षिक सभा होती. दोन-अडीच हजार सभासद. यादी पहिल्यांदाच कॉम्प्युटरनं लावलेली, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. दारात टेबलावर ती ठेवलेली, आणि म्हातारी मंडळी बोट फिरवत आपलं नाव शोधतायत. काळे आडनावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी कावळे बघितले, काशीकर बघितले, कासार बघितले, त्यानंतर काळे येणार म्हणून बोट खाली नेलं तर पुढे थेट किल्लेदार. झालं. “माझं नाव वगळलंय.” आमच्या भागात हे वाक्य साधं नाही. कुणाचं नाव कुठल्या यादीत आहे, कुठल्या भाषेतल्या यादीत आहे आणि कुणी काढलं, यावर इथे दोन पिढ्या कोर्टकचेऱ्या चालल्यात. दहा मिनिटांत हॉलमधले पंखेसुद्धा ऐकू येईनात. तेवढ्यात कन्नड यादीपाशी एक आजी मोठ्यानं म्हणाल्या, “नन्न हेसरू इल्ल्री!” माझं नाव नाही हो! त्यांचं नाव काळव्वा.

दोघांचीही नावं यादीत होती. वरच्या बाजूला, काले आणि कावळे यांच्या मध्ये.

घोटाळा साधा आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला नंबर असतो. ल चा ०९३२, ळ चा ०९३३, आणि व त्यानंतर. कॉम्प्युटरला काही वेगळं सांगितलं नाही तर तो नंबरानं ओळ लावतो. आपण मात्र बालवाडीपासून ‘…श ष स ह ळ क्ष ज्ञ’ असं म्हणत आलो. कन्नड मुलंही ळ ला ह च्या नंतरच बसवतात. मग नंबर असे का दिले? तर १९८० च्या दशकात आपल्याकडे इस्की नावाचं मानक तयार झालं. ब्राह्मीतून आलेल्या सगळ्या लिप्या एकाच साच्यात बसवायच्या, म्हणजे देवनागरी क ज्या घरात त्याच घरात कन्नड क, बंगाली क, तेलुगू क, अशी त्यातली कल्पना. कल्पना देखणी होती. त्या साच्यात ळ ला ल च्या शेजारी जागा मिळाली, आणि १९९१ मध्ये युनिकोड आलं तेव्हा त्यानं १९८८ च्या इस्कीचाच आराखडा उचलला. दिल्लीकडच्या हिंदीत ळ नाहीच, त्यामुळे तिकडे कुणाला हे खुपायचं कारण नव्हतं. नंबर आता बदलता येत नाहीत, जगभरातला सगळा मजकूर त्यावर उभा आहे. म्हणून प्रत्येक भाषेनं ‘आमच्याकडे क्रम असा’ हे वरून सांगायचं. या वरून सांगण्याला या धंद्यात टेलरिंग म्हणतात. शहापुरात वाढलेल्या माणसाला हा शब्द कळायला अडचण येत नाही. कापड ताग्यातून आलंय तसंच असतं, माप आपलं.

ते टेलरिंग करणारा तुकडा मी त्या पावसाळ्यात लिहिला. बेळगावचा पाऊस म्हणजे झिमझिम झिमझिम चार महिने, वीज कधी जाईल याचा नेम नाही, लॅपटॉपची बॅटरी मोजत लिहायचं. कन्नड मला बोलता येतं, वाचताही येतं, लिहिताना चाचरतो. तरी मी कन्नड अक्षरांचा अख्खा तक्ता तीन रात्री जागून हातानं भरला. त्याचा मला फार अभिमान होता.

सहा-सात महिन्यांनी धारवाडहून एका मुलाचा पॅच, म्हणजे माझ्या प्रोग्राममध्ये सुचवलेली दुरुस्ती, आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्यानं माझा तक्ता पूर्ण पुसून टाकला होता आणि त्या जागी एक बेरीज लिहिली होती: अधिक ८९६. देवनागरी क चा नंबर ०९१५, कन्नड क चा ०सी९५. ळ चा ०९३३, कन्नड ळ चा ०सीबी३. सोळाच्या पटीत मोजलेल्या (म्हणून अंकांत सी, बी अशी अक्षरंही येतात) या नंबरांत दर वेळी फरक तोच, ८९६. एकाच साच्यातून निघाल्यामुळे दोन्ही लिप्यांची घरं समोरासमोर आहेत, मधे फक्त अंतर. मला हे माहीत होतं. इन्स्क्रिप्ट कळफलकावर क ची कळ दोन्ही भाषांना एकच असते, हे मी रोज बघत होतो. तरीही तक्ता हातानं भरत बसलो. रागानं मी तो पॅच चार दिवस उघडलाच नाही. पाचव्या दिवशी जोडून टाकला.

मग आमचं फोनवर बोलणं सुरू झालं. त्याचं मराठी माझ्या कन्नडपेक्षा बरं निघालं, आज्जी निपाणीची. आमचं पहिलं भांडण क्ष वरून. मी मराठी रिवाजाप्रमाणे क्ष आणि ज्ञ ळ च्याही नंतर, अगदी शेवटी ठेवले होते. त्याचं म्हणणं, कन्नड कोशात क्ष हा क च्या पोटातच सापडतो, तो शेवटी नेलात तर आमचा माणूस ‘क्षमा’ शोधत बसेल. मी म्हटलं, एकच नियम ठेवू, सोपं पडेल. तो म्हणाला, “सोपं कुणाला?” यावर चाळीसेक निरोपांची देवाणघेवाण झाली, त्यातले काही आज वाचवत नाहीत. शेवटी दोन भाषांना दोन नियम ठेवले.

आणि ऱ ची गोष्ट त्याच्याकडूनच कळली. देवनागरीत ०९३१ या घरात एक नुक्त्याचा ऱ बसलाय. मराठीत तो पूर्ण रूपात क्वचितच दिसतो, पण त्याचा पाय मोडला की दऱ्या, वाऱ्या, सुऱ्या यांतला अर्धा र मिळतो. आचार्यांना दक्षिणा द्यायची आणि आचाऱ्यांना मजुरी, एवढा फरक त्यावर अवलंबून. आप्पांच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीत, त्या अर्ध्या र चा वेगळा खण होता. जुन्या फॉन्टातून मजकूर आणताना माझ्या प्रोग्रामनं एकदा हा भेद गिळला होता. खानापूरकडच्या एका स्मरणिकेत ‘जांबोटीच्या दऱ्या’ होत्या, त्यांच्या दर्या झाल्या, आणि सह्याद्रीत समुद्र आला. तर समोरच्या कन्नड घरात, ८९६ घरं पुढे, कोण बसलंय? त्या मुलानं सांगितलं: शकटरेफ. हळेगन्नडमधला, म्हणजे जुन्या कन्नडमधला, जाडा र. शिलालेखांत सापडतो, आजच्या कन्नडमधून गेला. “तुमच्या दऱ्या आमच्या मेलेल्या अक्षराच्या समोर आहेत, सर,” म्हणाला. मी त्या रात्री उगीचच पुन्हा पुन्हा दोन्ही नंबर टाइप करून बघत होतो.

पहिली पक्की आवृत्ती मी १ नोव्हेंबरला सोडली. कारण साधं, कंपनीला कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी होती. दुपारपर्यंत एका मित्राचा निरोप: “राज्योत्सवाचा मुहूर्त साधलास वाटतं!” संध्याकाळी मावसभावाचा: “काळ्या दिवशी कशाला रे?” १९५६ साली याच तारखेला राज्यांची फेरमांडणी झाली, तेव्हापासून शहरात एका चौकात मिरवणूक आणि दुसऱ्या चौकात काळ्या फिती, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. २००४ पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. मी दोघांनाही ‘सुट्टी होती’ एवढंच कळवलं. दोघांनाही ते पटलं नाही. कॉम्प्युटरला भाषा सांगताना आधी भाषेचं नाव आणि पुढे देशाचं नाव लिहितात. मराठी-भारत, कन्नड-भारत. या नेहमीच्या नावात राज्याचा रकाना नसतो. हे मी त्या दिवशी मावसभावाला सांगितलं असतं, तर त्यानं ‘पळपुटा’ म्हटलं असतं, आणि थोडं खरंही होतं ते.

परवान्याचं मला सुरुवातीला काहीच कळत नव्हतं. सगळं उघड्यावर ठेवलं म्हणजे मुक्त झालं, अशी समजूत. डेबियन या लिनक्सच्या दुसऱ्या एका अवताराच्या स्वयंसेवकानं लिहून विचारलं, परवाना कुठला? मी म्हटलं, नाही, घ्या खुशाल. त्यानं न कंटाळता समजावलं, की परवाना नसला तर कायद्यानं सगळे हक्क तुमच्याकडेच राहतात, घेणाऱ्याला हात लावता येत नाही. मग मी एमआयटी परवाना लावला. तो इतका लहान आहे की पत्रिकेच्या मागच्या पानावर मावेल. काहीही करा, फक्त नाव आणि हा मजकूर सोबत ठेवा, आणि खाली ठळक अक्षरांत: जसं आहे तसं, हमी नाही. आप्पांना मी तो मराठीत करून वाचून दाखवला. “म्हणजे बैलबाजार. दात बघून घ्या, मागनं तक्रार नाही.” एका कडव्या कार्यकर्त्यानं मला जीपीएल न लावल्याबद्दल फैलावर घेतलं. जीपीएलमध्ये बदललेला प्रोग्राम वाटला तर त्याचं मूळही वाटावं लागतं, माझ्यात तशी अट नाही. त्याचं म्हणणं बरोबर होतं, असं आता वाटतं.

कारण दोन वर्षांनी एका मोठ्या कंपनीच्या ॲपमध्ये माझाच तुकडा निघाला. कळलं कसं? त्यात माझी एक जुनी चूक जशीच्या तशी होती, ‘कोगनोळी’च्या जागी दोनदा ‘कोगनोळी’ छापणारी. नाव आणि परवान्याचा मजकूर तेवढा खरवडून काढलेला. पैशाचा प्रश्नच नव्हता, मी मागणारही नव्हतो. एकच अट होती आणि तीच मोडली. आप्पांनी हे ऐकलं आणि माझ्यापेक्षा जास्त संतापले. प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचं नाव आणि मुद्रणस्थळ टाकायचं, हा १८६७ चा कायदा त्यांनी आयुष्यभर पाळला. वाढदिवसाच्या चिठ्ठीवरसुद्धा खाली बारीक ओळ असायचीच. एकदा कुणीतरी त्यांच्या पत्रिकेचा तळ कापून आपली म्हणून खपवली होती, ती त्यांना तीस वर्षांनी तारखेसह आठवली.

श्रवणबेळगोळला आम्ही एकदा सहलीला गेलो होतो. गोमटेश्वराच्या पायापाशी मराठी ओळ आहे, ती शाळेत सगळेच घोकतात: श्रीचावुंडराजें करवियलें. शेजारी तेच कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये. तिच्याखालची ओळ मात्र घोकून घेत नाहीत. श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें. म्हणजे मूर्ती चावुंडरायानं करवली आणि भोवतीचा सुत्ताला, आवार, पुढे गंगराजानं. नंतरच्यानं भर घातली, आधीच्याचं नाव जागेवर राहू दिलं आणि खाली आपलं लिहिलं. मराठी ओळीतला ‘सुत्ताले’ शब्द कानडी वळणाचा. माझ्या लायब्ररीच्या मुळाशी जी नावांची फाइल असते, तिच्यात दुसरं नाव त्या धारवाडच्या मुलाचं आहे. ती फाइल उघडली की मला ते दगडावरचे पाय आठवतात.

कंटाळा येतो का? येतो. काम फार असतं म्हणून नाही, निरोपांच्या सुरामुळे. ‘तातडीनं दुरुस्त करा, आमचं ग्राहक खोळंबलंय.’ ज्याच्याशी माझा कुठलाही करार नाही, ज्याचं नावही मी ऐकलेलं नाही, अशा माणसाचा हा निरोप गणपतीच्या दिवशी, मोदकाचं सारण ढवळताना येतो. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमध्ये हार्टब्लीड नावाचं भोक सापडलं तेव्हा जगाला कळलं, की निम्म्याअधिक इंटरनेटचं कुलूप ज्यावर चालतं त्या प्रकल्पाला वर्षाकाठी देणग्या मिळत होत्या सुमारे दोन हजार डॉलर. तेव्हा सगळे हळहळले. मग विसरले.

मला जास्त हलवलं ते एक्सझेडच्या प्रकरणानं. एक्सझेड हा फाइली दाबून लहान करणारा प्रोग्राम, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असतो. वर्षानुवर्षं एकटा माणूस तो सांभाळत होता. २०२२ मध्ये त्याच्यावर अनोळखी लोकांचे निरोप येऊ लागले: फार हळू चाललंय, दुसऱ्या कुणाला तरी सोबत घ्या. त्यानं उत्तर दिलं, मनाची तब्येत बरी नाही, आणि हे बिनपैशाचं छंदाचं काम आहे. त्याच काळात ‘जिया टॅन’ नावाचं कुणीतरी अत्यंत नम्रपणे मदत करत होतं. पॅच चांगले, उत्तरं वेळेवर. हळूहळू किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. दोनेक वर्षांनी त्यानं त्यात चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो सापडला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला. दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, एवढी शंका आली म्हणून तो खणत गेला. अर्धा सेकंद! आमच्याकडे लाइट गेली की राउटर परत सुरू व्हायला चार मिनिटं लागतात.

हे वाचलं त्या आठवड्यात माझ्याकडेही एक असाच मदतनीस होता. सात-आठ महिने झाले होते. तमिळ आणि मल्याळमचे नियम त्यानं जोडून दिलेले, स्वच्छ, एकही उणा शब्द नाही. नाव खरं की खोटं, ठाऊक नाही. आम्ही कधी बोललो नव्हतो. थकलो होतो म्हणून मी त्याला आवृत्ती सोडायचा अधिकार देणारच होतो, तसं कळवलंही होतं. एक्सझेडची बातमी वाचून मी त्याला लिहिलं, की एकदा व्हिडिओवर भेटू या का? त्यानंतर त्याचं उत्तर आलं नाही. पुन्हा पॅचही नाही. तो लबाड होता आणि पळाला, की भला होता आणि दुखावला गेला? त्याची प्रत्येक ओळ मी तीन वेळा तपासली. त्यात काहीही वावगं नाही. मल्याळमचा क्रम आजही त्यानंच लावलेला आहे, नावांच्या फाइलीत तिसरं नाव त्याचं. ते मी काढलेलं नाही.

आण्णांना ळ देताना आप्पांनी कधी विचार केला नसेल, की हा माणूस परत करील का. ते एकमेकांची पोरं ओळखत होते, लग्नात अहेर करत होते. मला तो धारवाडचा मुलगा दोन वर्षांनी प्रत्यक्ष भेटला, बेळगावच्या बसस्टँडवर, हातात कुंद्याचा डबा घेऊन. इथूनच विकत घेतलेला, बेळगावकराला बेळगावचा कुंदा. आता तो जर्मनीत असतो आणि क्ष वर अजून ठाम आहे.

छापखाना बंद झाला तेव्हा खिळे भंगारात गेले. शिशाचा भाव किलोवर. माणूस आला, केस उलट्या करत पोत्यात ओतल्या. ळ च्या खणात तेव्हा जेमतेम मूठभर निघाले. बाकीचे कुणाकुणाकडे राहिले, आप्पांना सांगता येईना. आण्णांची प्रेस त्याआधीच उठली होती.

गेल्या महिन्यात त्याच पतसंस्थेची सभा झाली. यादी आता माझ्या तुकड्यातून जाते, त्यांना ते ठाऊक नाही, त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याला असावं. मी छापील प्रत घरी आणली. आप्पांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तरी भिंग घेऊन बसले. मुद्रितशोधन करायचे तसेच, डाव्या हाताचं बोट ओळीखाली, ओठ हलतायत. कासारच्या खाली काळे आले. तिथं ते थांबले नाहीत, मान हलवली नाही, काही नाही. मी चहा आणायला खाली गेलो. परत आलो तर यादी पहिल्या पानांवर उलटलेली आणि समासात पेन्सिलीनं एक बाण.

“हे कंग्राळीकर कडोलीकरांच्या आधी कशाला आलेत?”

“अनुस्वार आधी धरलाय. कोशात असतो तसा.”

“बाराखडी म्हण.”

“आप्पा…”

“म्हण की.”

“क का कि की कु कू के कै को कौ कं कः.”

“मग?”

मग काय. अनुस्वार आधी घेणारे कोश आहेत, आणि बाराखडीत कं अकरावा. निवृत्त मास्तर असलेले शेजारचे काका आवाज ऐकून वर आले, त्यांनी तिसरंच काढलं: कंग्राळीतल्या अनुस्वाराचा उच्चार ङ, तेव्हा तो ङ च्या जागी लावायचा. दोघांचं अर्धा तास चाललं. चहा निवला. मी लॅपटॉप उघडून नवी नोंद टाकली, ‘अनुस्वाराचा क्रम, मराठी’, आणि खाली दोघांची मतं लिहिली. रात्री जर्मनीहून उत्तर आलं, की कन्नडमध्येही यावर एकमत नाही, त्याच्या आज्जीला विचारून सांगतो.